आमदारांनी काढलेलं पाणी

जमिनीच्या पोटातलं मला जेवढं कळतं तेवढं या जिल्ह्यात कुणालाच कळत नाही, असं मी परवापर्यंत सांगत असे. सांगत म्हणजे माईकवरून. ऐन उमेदीची वर्षं मी वणीकडच्या कोळसा खाणीत काढली. तिथं युनियनमध्ये भाषणाची चटक लागली, ती घेऊनच गावी आलो, आणि लोकांनी वैतागून की काय, मला आमदार केलं. "बाकीचे पुढारी वरून आलेत, मी खालून आलोय," या एका वाक्यावर मी निवडणूक काढली.

परवा तिसगावजवळच्या एका वस्तीवर सार्वजनिक विहिरीचं भूमिपूजन होतं. इतर पुढारी कुदळ मातीला नुसती टेकवतात आणि फोटो झाला की चहाकडे वळतात. मी जॅकेट काढून आमच्या पीएच्या, म्हणजे भागवतच्या हातात दिलं आणि जाहीर केलं की आज आमदार स्वतः खोदणार. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझं डोकं चालायचं थांबतं. जागा फक्कीनं आखलेली होती. मी तिथली चिमूटभर माती हुंगली, नापसंतीनं मान हलवली आणि सरळ बाजूच्या कडुलिंबाकडे निघालो. खरं सांगायचं तर लिंबाखाली सावली होती.

सरपंच झुंबरबाई मागून लगबगीनं आल्या. "सायेब, तिथं नका खांदू. तिथून आपली..."

"मावशी, खाणीतल्या माणसाला जागा दाखवायची नसते," मी म्हणालो. लोक हसले. बाई बिचाऱ्या पदर सावरत मागं सरल्या.

माती लोण्यासारखी मऊ लागली. इथं आधी कुणीतरी खोदून पुन्हा बुजवलंय, हे खाणीतल्या माणसाला कळायला हवं होतं. मला वाटलं, अंगात अजून ताकद आहे! खड्डा मांडीपर्यंत आला, एक घाव जोरात बसला, खाडकन आवाज झाला आणि पाण्याचा फवारा थेट लिंबाच्या शेंड्यापर्यंत गेला.

मग काय विचारता! गुलाल उधळला. बायका आरतीचं ताट घेऊन आल्या आणि चिखलातच मला ओवाळू लागल्या. भागवतनं माईक घेतला. हिवरे बाजारच्या लोकांनी वर्षानुवर्षं राबून पाणी आणलं, आमच्या साहेबांनी ते एका कुदळीत आणलं, असं तो छातीठोकपणे म्हणाला. मी ओंजळभर पाणी प्यालो. त्याला ब्लीचिंग पावडरीचा वास येत होता. तेव्हा तरी मी शहाणं व्हावं की नाही? मी माईक ओढून घेतला आणि पाणी औषधी असल्याचं जाहीर केलं. पुढं मतदारसंघातल्या प्रत्येक गावाला विहिरीची जागा मीच दाखवणार, असंही बोलून गेलो.

तेवढ्यात फवारा बसायला लागला. आधी फांदीपर्यंत, मग माझ्या डोक्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. शेवटी खड्ड्यात नुसती गुळगुळ उरली. पाणी सोडणारे गनीभाई मोटरसायकलवरून आले, त्यांनी खड्ड्यात डोकावलं आणि शांतपणे सांगितलं की वॉल बंद केलाय, पण ही तिसगावची मेन लाइन हुती.

गर्दी एवढ्या गुपचूप पांगलेली मी अंत्ययात्रेतही पाहिली नाही. ओवाळणाऱ्या बायका ताट झाकून गेल्या. मी टँकरसाठी फोन लावला आणि गुलालानं माखलेला, चिखलात लडबडलेला असा गाडीत बसलो. भागवतनं सीटवर आधी पेपर पसरला.

रस्त्यात बायकोचा, ज्योतीचा फोन आला. आमचं घर तिसगावातच.

"आवो, मी अंगाला साबण लावून बसलेय आन नळ गेला," ती म्हणाली. "कुन्या येड्यानं पाइप फोडलाय म्हनं. आमदार हाय ना तुमी? धरा त्याला, सोडू नका."

मी भागवतकडे पाहिलं. तो खिडकीतून बाहेर बघू लागला.

"चौकशी समिती नेमतो," मी म्हणालो.

समिती नेमली आहे. अध्यक्ष मीच आहे, आणि अहवाल काही लवकर येईल असं वाटत नाही.