बिनचेहऱ्याच्या साहेबांस सादर प्रणाम

पोतनीस वकीलसाहेबांसमोर ‘नोटीस’ हा शब्द काढायची सोय नाही.

“पत्र म्हण,” ते बजावतात. “नोटीस भाडेकरूला देतात. आयकरवाल्यांनी तुझी आठवण काढलीय, पत्र आलंय.”

मग ते ‘पत्र’ उभं राहून वाचतात, आणि तेही शेवटच्या पानापासून. खाली सही कोणाची, हे आधी बघायचं असतं. हल्ली तिथे कोणाचं नाव नसतं, नुसती छापील ओळ असते. तरी भिंग लावून दोन मिनिटं शोधतात.

आणि उत्तर! इकडे अशिलाची झोप उडालेली, जेवण जात नाही. तिकडे वकीलसाहेबांचं उत्तर सुरू होतं: ‘महोदय, सादर प्रणाम. आपका कृपापत्र मिला, पढ़कर प्रसन्नता हुई.’ एका धर्मशाळावाल्याच्या उत्तरात शेवटी ‘आपके यहाँ वर्षा कैसी है?’ असंही घातलं होतं. तो बिचारा माझ्या दुकानात येऊन म्हणाला, “भाईसाहब, मेरा केस है या रिश्ते की बात चल रही है?”

वकीलसाहेबांच्या सात पिढ्या सरकारी खजिन्याच्या कागदांत गेल्या. स्वतः त्यांनी चाळीस वर्षं इथल्या, हिंदी मुलखातल्या आयकर कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. कुठल्या साहेबाला गोड चालत नाही, कुणाची मुलगी बारावीला आहे, सगळं पाठ. मग कायदा बदलला. आता तपासणारा साहेब कुठल्या गावचा, काय नावाचा, कोणालाच कळत नाही. सगळा मामला पोर्टलवर. अशील तरुण पोरांकडे वळले. माधवनगरातल्या त्यांच्या खोलीत आता पंखा आणि ते.

वळणाऱ्यांत मीही होतो. माझं भैरवगढी छापाच्या चादरींचं दुकान आहे आणि अक्कल त्या चादरीइतकीच पातळ. फ्रीगंज बाजारात एक चटपटीत गृहस्थ भेटला. “सर, रिफंड दिलवा दूँगा,” म्हणाला. कसा, ते मी विचारलं नाही. रिफंड खरंच आला. मी दुकानाला कूलर घेतला आणि बायकोपुढे मिरवलो, “बघ, याला म्हणतात दिमाग!”

वर्षभरानं पत्र आलं. (बघा, मलाही सवय लागली.) त्या गृहस्थानं माझ्या विवरणपत्रात एका संस्थेला भलंमोठं दान दिल्याचं लिहिलं होतं. मी! रिक्षावाल्याकडून दोन रुपये परत घेणारा माणूस! कागदावर मी कर्णाच्या शेजारी बसलो होतो. बायको म्हणाली, “एवढं दान केलंत आणि मला साधी साडी नाही?”

गृहस्थाचा फोन बंद. मी तोंड लपवत वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी आधी कर आणि व्याज भरायला लावलं. ते कसंबसं भरलं. राहिला दंड, तो कराच्या दुप्पट होऊ शकत होता. तेवढ्या पैशांत दिवाळीचा सगळा माल आला असता.

“सुनावणी मागू,” वकीलसाहेब म्हणाले आणि त्यांचे डोळे चमकले. “मोबाइलवर होते म्हणे. समोर माणूस असतो.”

त्या दिवशी त्यांनी काळा कोट चढवला. बूटही.

“साहेब, बूट कोणाला दिसणार आहेत?”

“मला ठाऊक असेल ना, विनू.”

मोबाइल टेबलावरच्या पेनांच्या डब्याला टेकवून ठेवला. पलीकडचा चौकोन काळाच राहिला, पण त्यातून बाईंचा आवाज आला. वकीलसाहेब चटकन उभे राहिले. पडद्यावर नुसती कोटाची बटणं.

“बैठिए, वकील साहब. करदाता बताएँ, यह दान आपने दिया था?”

मी भाषण पाठ करून आलो होतो: मी भोळा, मी फसलो, मी व्यापारी माणूस. वकीलसाहेबांनी टेबलाखालून बुटानं माझा पाय दाबला. बूट कशाला होता, ते तेव्हा कळलं.

“नहीं दिया, मॅडम,” मी म्हणालो. “रिफंड आया तब लगा था कुछ गड़बड़ है. पर गर्मी बहुत थी. कूलर ले लिया.”

पलीकडे काहीतरी फुटलं. हसू असावं, पण त्याचा लगेच खोकला झाला आणि थांबेना.

“मॅडम, खाँसी कब से है?” वकीलसाहेबांनी विचारलं.

“जी? दो हफ्ते से... आप केस पर आइए.”

“केस तो हो गया, मॅडम. लड़के ने सच बोल दिया.” (लड़का सेहेचाळीस वर्षांचा.) “मुलेठी मुँह में रखिए. (म्हणजे आपलं ज्येष्ठमध.) और एसी के सामने मत बैठिए.”

“ठीक है,” आवाज जरा खाली आला. “रखूँगी.” आणि चौकोन गेला.

वकीलसाहेबांनी मोबाइल उचलून उलटापालटा करून पाहिला. “कट झाला का?”

महिन्याभरानं आदेश आला: चूक कबूल, कर भरलेला, दंड नाही. मी पेढे घेऊन धावलो. त्यांनी आधी शेवटचं पान काढलं, भिंग फिरवलं. नाव नव्हतं.

“उत्तर पाठवू या,” ते म्हणाले.

“साहेब, सुटलो आपण. आता उत्तर नसतं.”

तरी त्यांनी मला पोर्टल उघडायला लावलं. प्रकरणापुढे ‘बंद’ लिहिलं होतं. उत्तराचं बटण गायब.

“अपील करता येईल?”

“कशाविरुद्ध, साहेब? आपण जिंकलो!”

“हो. ते खरंच.” पेढा हातात तसाच होता. “खोकला दोन हफ्ते म्हणाली होती. आता दीड महिना होत आला.”

त्यांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि सावकाश लिहिलं, ‘महोदया, सादर प्रणाम. खाँसी अब कैसी है?’

पाकिटावर पत्ता काय घालणार, हे मी विचारलं नाही. खुर्ची ओढून बसलो आणि पत्र पुरं व्हायची वाट बघू लागलो.