वेताच्या खुर्चीचे प्रगतिपुस्तक

वस्तू कधीच जुनी होत नाही. तिचा मालक बदलायचा राहून गेलेला असतो, एवढेच. हे थोर सत्य ओळखून त्या चार मजली इमारतीच्या व्यवस्थापक मंडळाने तळघरात 'वापरलेल्या वस्तूंचे खरेदी-विक्री केंद्र' उघडले (वेळ : रविवारी दहा ते बारा, किल्ली सापडल्यास).

केंद्राचे फायदे उघड होते. विकणाऱ्याचे घर मोकळे झाले. घेणाऱ्याचे भरले, त्यामुळे दोन महिन्यांत तोही विकणारा झाला. पहिल्या सहामाहीत दोनशे बारा व्यवहार झाले. वस्तू मात्र एकोणचाळीसच होत्या. व्यायामाची एक सायकल तर तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत पोचली (तिने केलेला हा एकमेव प्रवास).

पुढे तक्रारी येऊ लागल्या. मिक्सरचे झाकण उडते हे विकणाऱ्याने सांगितले नव्हते, कारण घेणाऱ्याने विचारले नव्हते. तेव्हा चिटणिसांनी ठराव मांडला, की प्रत्येक वस्तूसोबत तिच्या गुणदोषांचे पत्रक असावे आणि ते निःपक्षपाती माणसाने लिहावे. निःपक्षपाती म्हणजे ज्याला रविवारी दुसरे काम नाही असा. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त गुरुजींची निवड एकमताने झाली.

गुरुजींनी छत्तीस वर्षे तिसरीचा वर्ग शिकवला होता आणि एवढ्या काळात कुणाच्या प्रगतिपुस्तकात एकही वाईट शेरा मारला नव्हता. लेकरू तो कागद स्वतःच्या हाताने घरी नेणार, मग उगाच कशाला, असा त्यांचा विचार. तीच सवय त्यांनी तळघरात आणली. कुकरला लिहिले, 'उशिरा बोलतो, पण बोलतो.' पंख्याला, 'मन लावून फिरतो. मधूनच लक्ष उडते.' छत्रीला, 'वारा नसताना वर्तन चांगले.' झाकण उडवणाऱ्या मिक्सरला, 'उत्साही.' आणि शेवटी सरसकट सगळ्यांना, 'प्रगती समाधानकारक.'

महिन्याभरात लोकांचा पत्रकांवरचा विश्वास उडाला आणि विक्री थंडावली.

अशात गुरुजींच्या सूनबाईंनी केंद्रातून दोन मांडण्या आणल्या. त्या गॅलरीत मावेनात, कारण तिथे गुरुजींची वेताची खुर्ची होती. याच खुर्चीत बसून त्यांनी उभ्या नोकरीच्या वह्या तपासल्या होत्या. वर्तमानपत्र त्यांना दुसरीकडे बसून कळत नसे आणि दुपारची झोप दुसरीकडे येत नसे.

"बाबा, रविवारी हीपण खाली देऊन टाकू या का?" सूनबाईंनी प्रेमाने विचारले.

गुरुजींना नाही म्हणता येत नसे (तिसरीतल्या मुलांना हे पहिल्याच आठवड्यात कळायचे). "चालेल की," ते म्हणाले.

पण पत्रक तर त्यांच्याच हातात होते. शनिवारी दुपारी खोलीचे दार लावून गुरुजींनी आयुष्यातला पहिला वाईट शेरा लिहायला घेतला. 'डावा हात ढिला. बसताना कुरकुरते, उठताना जास्त कुरकुरते. वेत दोन ठिकाणी तुटलेला, कपडे फाडतो. हिच्यात बसलेला माणूस उठून कामाला लागल्याचे ऐकिवात नाही. प्रगती शून्य. कुणीही घेऊ नये.' लिहून झाल्यावर त्यांना संध्याकाळपर्यंत खुर्चीकडे पाहवेना.

रविवारी दहा वाजता केंद्र उघडले. दहा वाजून चार मिनिटांनी खुर्चीसमोर रांग लागली.

चिटणीस भारावून गेले होते. "गुरुजी, इतक्या दिवसांत खरं बोलणारी ही पहिलीच वस्तू. हिचे दोष एवढेच आहेत, हे लेखी मिळालं. माणसाला आणखी काय पाहिजे?"

खुर्ची इमारतीसमोरच्या घड्याळ दुरुस्तीवाल्याला मिळाली. तो गुरुजींचाच विद्यार्थी. खुर्ची उचलता उचलता तो थांबला.

"गुरुजी, माझ्या पुस्तकात तुम्ही वर्षभर 'समाधानकारक'च लिहिलं होतंत. आईनं अजून जपून ठेवलंय. म्हणजे मी नेमका कसा होतो हो?"

खरे सांगण्याची सवय गुरुजींना कालच लागली होती; ती कुठे आवरायची हे अजून कळत नव्हते.

"अरे, ज्याचा चेहरा आठवायचा नाही, त्याला मी तसं लिहायचो."

"तरीच," घड्याळवाला म्हणाला, आणि खुर्ची डोक्यावर घेऊन निघून गेला.

हल्ली गुरुजी रोज दुपारी त्याच्या दुकानात जातात, नीट चालणारे घड्याळ दुरुस्तीला घेऊन. तो त्यांना खुर्चीत बसवतो. दोनदा त्याने त्यांना "आपण कोण?" असे विचारले (ती गंमत होती, असे गुरुजींचे मत आहे). गॅलरीतल्या मांडण्या अजून रिकाम्याच आहेत. येत्या रविवारी त्या विकायच्या आहेत.

वाचकांनी आपले तिसरीचे प्रगतिपुस्तक एकदा काढून पाहावे. त्यात 'बडबड्या', 'वही विसरतो', 'शेजाऱ्याला चिमटे काढतो' असे काही असेल, तर ते कुठल्याही किमतीला विकू नये. 'समाधानकारक' असेल, तर रविवारी दहा वाजता तळघरात यावे. पुस्तक आणले नाही तरी चालेल. तुम्ही आलात की पुरे. वस्तू नोंदवून घेतली जाईल.