गोमाजी अस्वलाचे पथ्य आणि जांभळीची केळवणे

एका जंगलात, बाळांनो, प्रत्येकाला दुसऱ्याच्या पोटाची फार काळजी होती. स्वतःच्या पोटाची तेवढी नव्हती.

त्या जंगलात गोमाजी अस्वल राहायचा. अंगाने धिप्पाड, स्वभावाने भिडस्त. अस्वलाने भिडस्त असू नये, पण काहीजण असतात. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. घरात तो आणि त्याची लेक जांभळी, दोघेच.

जांभळीचे लग्न ठरले आणि गोमाजीचे पोट बिघडले. साधेसुधे नव्हे. कळा येत, रक्त पडे आणि सारखे झुडूप गाठावे लागे. नाक मुरडू नका. पोट तुम्हालाही आहे.

टिटवी डॉक्टरीणबाईंनी तपासले. आतड्याला सूज आली होती. जुनेच दुखणे पुन्हा उसळले होते. त्यांनी औषध दिले, ते चुकवू नका म्हणून बजावले आणि सूज उतरेपर्यंत काय खायचे ते सांगितले. मऊ भात, गाळलेले वरण, सोलून उकडलेला बटाटा. थोडे थोडे, पुन्हा पुन्हा. पाणी भरपूर. बिया, साली, कच्चे, तळलेले, तिखट बंद. एकाला सोसते ते दुसऱ्याला सोसतेच असे नाही, तेव्हा शेजाऱ्यांना विचारत बसू नका, असेही त्या म्हणाल्या.

गोमाजीला काळजी वेगळीच होती. त्या जंगलात रीत अशी, की बापाने लेकीचा हात धरून तिला नदीपर्यंत चालत न्यायचे. नदीपलीकडे सासर. वाट उघड्या माळावरून, आणि माळावर एकही झुडूप नाही.

"मला जमेल का हो?" त्याने हळूच विचारले.

"पथ्य पाळलंत तर जमायला हरकत नाही," टिटवीबाई म्हणाल्या.

जांभळीने कंबर कसली. ती रोज भात अगदी गुरगुट्या शिजवी. गोमाजी मधाच्या पोळ्याकडे पाठ करून बसे आणि मुकाट्याने जेवे. हळूहळू रक्त थांबले. कळा कमी झाल्या. एके सकाळी तो माळाच्या टोकापर्यंत जाऊन, कुठेही घाई न होता, परत आला. आनंदाने त्याला रडूच आले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण केळवणे सुरू झाली.

लग्नाआधी नातलग नवऱ्या मुलीला आणि तिच्या घरच्यांना जेवायला बोलावतात, ते केळवण. त्यात बोलावणे सोपे असते. पाहुण्यांना उठू देणे अवघड जाते.

पहिले केळवण साळिंदरमामींकडे. गोमाजी जाताना मऊ भाताचा डबा घेऊन गेला. चुकलेच त्याचे. दुसऱ्याच्या पंगतीत आपला डबा उघडायचा, याहून मोठा अपमान त्या जंगलात नव्हता. मामींचे सगळे काटे उभे राहिले.

"आमच्या हातचं विष आहे का भाऊजी?"

गोमाजीने डबा मिटला. मामींनी भरली मिरची वाढली आणि एवढ्याशाने काही होत नाही असे सांगून आणखी एक वाढली. जांभळी मध्ये पडली, तेव्हा हल्लीच्या मुली फार बोलतात असे ठरले.

रानडुक्करकाकांकडे कच्च्या कंदांची कोशिंबीर होती. काकांच्या मते मऊ खाऊन खाऊनच पोट लाडावते. त्याला चांगले कामाला लावले पाहिजे. मग पोपटाने पलीकडच्या जंगलातली बातमी आणली. तिकडे कुणीतरी सगळी औषधे सोडून फक्त कडू पाल्याच्या रसावर ठणठणीत झाले होते. ते कुणीतरी म्हणजे कोण, हे पोपटाला ठाऊक नव्हते. गोमाजीने भिडेखातर रस घेतला. औषध मात्र सोडले नाही. तेवढी अक्कल त्याच्याकडे शिल्लक होती.

घरी परतताना जांभळी चिडली. "बाबा, तुम्हाला नको म्हणता येत नाही का?"

"तुझी आई नाही, पोरी," गोमाजी म्हणाला. "तुला पोचवायला चार जण हसऱ्या तोंडानं यायला नकोत का? माझ्यापायी कुणी रुसायला नको."

 जांभळीला नुसते वाईट वाटत राहिले.

लग्नाच्या दिवशी सगळे आले. हसऱ्या तोंडाने आले. फक्त गोमाजी नव्हता. तो घरामागच्या झुडपात होता.

मंडळी माळाच्या कडेला खोळंबली. भाऊजींना पथ्य पाळायला काय झाले होते, असे मामी म्हणाल्या. जिभेवर ताबा हवा, असे काका म्हणाले. पोपटाला वाटले, रस कमी पडला. मुहूर्त टळायला आला, तेव्हा काका जांभळीचा हात धरायला पुढे झाले.

"जा पोरी काकांबरोबर," झुडपातून आवाज आला. "मला नाही जमायचं."

"मी थांबते," जांभळी म्हणाली. आणि नवे लुगडे चुरगळेल याची पर्वा न करता तिथेच मातीत बसली.

मुहूर्त टळला. मग मामी रुसल्या. काका रुसले. आम्हाला काही किंमतच नाही, असे म्हणत सगळे जेवून आपापल्या घरी गेले.

दुपार कलल्यावर बापलेक हात धरून निघाले. अगदी सावकाश. मध्ये थांबावेही लागले. पण माळावर बघायला कुणीच उरले नव्हते, त्यामुळे झुडपावाचून अडले नाही.

नदीपलीकडे नवरदेव वाट पाहत बसला होता. त्याने सासऱ्याला बसायला दगड पुसून दिला, पाणी दिले, आणि काही खायचा आग्रह केला नाही.

तात्पर्य : पथ्य पाळले तर नातलग रुसतात, न पाळले तर आतडे रुसते. आतड्याला मानपान कळत नाही, म्हणून नेहमी नातलगांचेच ऐकावे. शेवटी तेही रुसतातच, पण जेवून रुसतात.