सोपान मास्तरांचा दौंडचा क्लास

सोपान मास्तरांनी पाटसजवळच्या एका हायस्कुलात अठरा वर्षं इंग्रजी शिकवलं, पण इंग्रजी बोलायची पाळी त्यांच्यावर कधी आली नाही. धडा मराठीतून समजवायचा, उत्तरं फळ्यावर लिहायची आणि शेवटी विचारायचं, "समजलं का?" वर्ग एका सुरात ओरडे, "यस सर!" मास्तर समाधानानं हातावरचा खडू झटकत. निकालही बरा लागे. तक्रार करणार कोण?

अशा माणसाला १९७४ साली आफ्रिकेतल्या झांबिया देशात जाऊन इंग्रजी शिकवायची बुद्धी झाली, ती भज्यांमुळे. (जाहिरात भज्यांच्या कागदावर होती. तेलानं अक्षर उलट जास्त उठून दिसत होतं.) मास्तरांनी झकास इंग्रजीत अर्ज लिहिला आणि दोन महिन्यांनंतरच्या मुलाखतीचं मुंबईहून बोलावणं आलं. ते त्यांनी आधी स्टाफरूममध्ये, मग बाजारात, मग एस.टी. स्टँडवर वाचून दाखवलं. घरी येऊन टोपी खुंटीला अडकवताना त्यांच्या ध्यानात आलं, की मुलाखतीत बोलावं लागतं.

"आता माघार घेतली तर गावात तोंड दाखवायची सोय न्हाई," ते खाटेवर बसत म्हणाले.

"मग बोला की," त्यांच्या पत्नी झुंबरबाई म्हणाल्या. त्यांची शाळा चौथीत सुटली होती. "अठरा वर्सं शिकवताय न्हवं?"

"शिकवनं निराळं, बोलनं निराळं!"

शेवटी कुणीतरी दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या रॉबर्टसनसाहेबांचं नाव सुचवलं. साहेब अँग्लो-इंडियन, मालगाडीचे रिटायर्ड ड्रायव्हर. घरात इंग्रजीशिवाय अक्षर नाही. मास्तर रविवारी निघाले. कुणाच्या घरी पहिल्यांदा रिकाम्या हातानं आणि एकट्यानं जाऊ नये, म्हणून बरोबर भाकरी, ठेचा आणि झुंबरबाई घेतल्या.

"गुड मॉर्निंग, सर," मास्तर दारातच म्हणाले. हे वाक्य त्यांनी गाडीत पाठ केलं होतं.

"या, या, मास्तर! बसा!" साहेब ओरडले. "ठेचा आनलाय व्हय? आरं देवा! आन् काय वो, तुमच्या कारखान्याच्या इलेक्शनचं काय झालं?"

साहेब तीस वर्षं इंजिनावर कोळसा टाकणाऱ्या खलाशांत राहून मराठी शिकले होते. रिटायर झाल्यावर त्यांना मराठी बोलायला माणूस मिळेना. मास्तर म्हणजे त्यांना देवानं धाडलेला माणूसच वाटला.

"सर, थोडं इंग्रजी..." मास्तर मध्येमध्ये म्हणत.

"इंग्रजी काय, घरात रोजचंच हाय! बोलून बोलून तोंड आंबलं. तुम्ही सांगा, चेअरमन पडला का न्हाई?"

गुरूला अडवायचं कसं? मास्तर सांगत बसले. आठ रविवार गेले. साहेबांना ऊसपट्ट्यातलं सगळं राजकारण तोंडपाठ झालं. मास्तरांच्या पदरात खलाशांच्या दोन अस्सल शिव्या पडल्या, त्याही मराठी.

स्वयंपाकघरात मात्र निराळीच गाडी धावत होती. मेमसाहेब मद्रासकडच्या अरकोणमच्या, मराठीचा गंध नाही. झुंबरबाईंना इंग्रजीचा नाही. पण चुलीपुढं दोन बायका आठ रविवार गप्प बसल्याचं दौंडात काय, त्रिभुवनात कुणी ऐकलेलं नाही.

मुलाखतीला मास्तरांबरोबर झुंबरबाई डबा घेऊन मुंबईला गेल्या. आत मास्तर "गुड मॉर्निंग" म्हणाले, घाम पुसला, आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाला "यस सर" म्हणाले. समोर झांबियातल्या शाळेकडून आलेल्या मिसेस फिरी नावाच्या बाई होत्या. त्यांनी थकून जेवायची सुट्टी केली आणि त्या बाहेर आल्या. बाकावर झुंबरबाईंनी डबा उघडला होता.

"कम, सिट," झुंबरबाई सरकत म्हणाल्या. "यू लुक टायर्ड. ईट समथिंग फर्स्ट."

मास्तर दारात उभे राहिले. दोघी अर्धा तास बोलत होत्या. हॉटेलातलं बेचव जेवण, वसतिगृहातल्या पोरी, पोरींची आजारपणं. मास्तरांना त्यातलं 'व्हेरी गुड' तेवढं कळलं.

महिन्यानं पत्र आलं. वाचण्यात मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता, त्यामुळं अर्थ लगेच लागला. सौ. झुंबरबाई यांची मुलींच्या वसतिगृहावर मेट्रन म्हणून निवड झाली होती. सोबत नवऱ्याला आणण्यास शाळेची हरकत नव्हती.

मास्तरांना वाईट वाटलं. खरं सांगायचं तर फार वाईट वाटलं. ते मागच्या अंगणात जाऊन उगाच बादली भरत बसले.

झुंबरबाई मागोमाग आल्या. "तुमचं मन नसंल तर मी बी जायाची न्हाई. पर गावाला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा."

मास्तरांनी ठरवलं. 'आम्ही जोडीनं चाललो,' असं त्यांनी बाजारात सांगितलं. यात खोटं काहीच नव्हतं. शाळेनं नारळ, शाल देऊन सत्कार केला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी झुंबरबाई भाकऱ्या थापता थापता त्यांना इंग्रजी शिकवू लागल्या. मराठीत एक शब्द सांगायचा नाही, ही मेमसाहेबांची पद्धत. पहिल्याच दिवशी त्या तव्यावरची भाकरी उलटत पाच मिनिटं अखंड इंग्रजी बोलल्या आणि थांबून म्हणाल्या, "अंडरस्टँड?"

मास्तरांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं. पण अठरा वर्षं पोरं काय करत होती, ते त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं. ते मांडी सावरून ताठ बसले आणि एका सुरात ओरडले, "यस सर!"