टर्कीला आणखी चार वर्षं

“अरे, तुझ्या त्या राष्ट्राध्यक्षाने माझं सोयाबीन कोठारात कुजवलं! त्याच्या आयातकरापायी परदेशात कुणी घेईना! आता काय, अंगणात पसरून त्यावर झोपू?”

“झोप! पण आमची पोलादाची भट्टी पेटली ना? इतक्या वर्षांनी धूर दिसला, धूर!”

“धूरच दिसला! नोकऱ्या कुठायत?”

हर्ब काका आणि क्लेम काका, सख्खे भाऊ, अजून अंगणातच होते. गाडीची दारं लावायची राहिली होती, पण मुठी आवळून झाल्या होत्या! तेवढ्यात घराचं दार धाडकन उघडलं. त्यांची बहीण, लोर्ना आत्या, हातात डाव घेऊन उभी.

“त्या माणसाचं नाव या घरात निघणार नाही! गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला दोघांनी रस्शाचं भांडं भिंतीवर फोडलंत. आई गेल्यावर माझ्या हातचा हा पहिला टर्की आहे. पहाटेपासून तो अख्खा पक्षी भाजत ओव्हनपुढे उभी आहे मी. आणि टकर, तू!”

काकांच्या मागे उभा असलेला त्यांचा पुतण्या टकर दचकला. त्याने तर अजून तोंडही उघडलं नव्हतं!

“तुझं तोंड सगळ्यांच्या आधी सुटतं. आज राजकारणावरून भांडलास तर बॅग भरायची!”

आता ही काही साधी धमकी नव्हती. टकरने शाळेला रामराम ठोकला तेव्हा बापाने त्याला घराबाहेर काढलं होतं, आणि आत्याने गॅरेजवरची खोली दिली होती. ती गेली तर ओहायोच्या थंडीत झोपायचं कुठे? सोयाबीनवर?

पण टकरकडे युक्ती होती! त्याने दोन्ही काकांना कोट टांगायच्या कोपऱ्यात ओढलं.

“हे बघा, भांडायचं तर खुशाल भांडा. फक्त ‘राष्ट्राध्यक्ष’ म्हणायचं नाही. ‘टर्की’ म्हणायचं! आत्याला काय कळतंय?”

क्लेम काकांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. “पोरा, शाळा सोडलीस ते बरं झालं! डोकं शाबूत राहिलं!”

टकरची छाती अशी फुगली, की शर्टाची बटणं रडकुंडीला आली.

प्रार्थना झाली. आत्याने प्रत्येकाच्या ताटात मोठमोठे काप वाढले आणि ती बटाटे आणायला स्वयंपाकघरात गेली. तेवढंच हवं होतं!

“हा टर्की नुसता फुगलाय,” हर्ब काकांनी तोंड उघडलं. “वरून काय तो रंग! आत बघावं तर पोकळ!”

“पण घरात जान याच्यामुळेच आली! आधीचे सगळे मिळमिळीत!”

“मिळमिळीत परवडले! याने माझं वर्षभर पोट बिघडवलंय!”

आत्या आली. बटाटे आणि रस्सा ठेवून गेली. टकरने काकांना डोळा मारला. बघा, आहे का काही पत्ता!

“तू काहीही म्हण हर्ब, पुढच्या वेळी पुन्हा हाच!”

“हाच? आणखी चार वर्षं? अरे, ओहायोतलं कुत्रं याला तोंड लावणार नाही!”

आत्या मीठ आणि मिरपूड ठेवून गेली. डोळे लाल दिसत होते. कांदा चिरत असेल, टकरला वाटलं.

“याचे चाहते किती आहेत बघ जरा गावात!”

“चाहते कसले? ज्यांना दुसरं काही वाढलंच नाही, ते!”

टकर आतापर्यंत दात-ओठ खात बसला होता. पुढच्या निवडणुकीत त्याचं पहिलंवहिलं मत! त्याने टेबलावर अशी मूठ आपटली, की काटे-चमचे नाचले.

“हा पहिल्यापासूनच नासका होता! आणि ज्यांनी तो आपल्या माथी मारला ना, त्यांना लाज वाटायला पाहिजे! पुढच्या वेळी मी स्वतःच्या हाताने याला कचऱ्यात फेकणार!”

“फेकून तर दाखव!” क्लेम काका उठले.

आत्या बाहेर आली. टेबलावरची भोपळ्याची गोड पाई उचलली, आत गेली आणि दाराला कडी लावली. मग आतून हुंदका ऐकू आला.

काकांनी एकमेकांकडे बघितलं. मग टकरकडे.

“जा. युक्ती तुझी,” हर्ब काका म्हणाले.

“अगदी बरोबर,” क्लेम काका म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदा भावांचं एकमत झालं, ते यावर!

टकर दाराला कान लावून उभा राहिला. “आईच्या जागी मी उभंच राहायला नको होतं,” आत्या स्वतःशीच म्हणत होती. टकरच्या कानाच्या पाळ्या तव्यासारख्या तापल्या. खरं सांगावं तर खोली जाते. गप्प बसावं तर ही बाई जन्मात पुन्हा ओव्हन पेटवायची नाही!

“आत्या... टर्की म्हणजे टर्की नाही गं.”

“मग?”

“टर्की म्हणजे... राष्ट्राध्यक्ष.”

कडी निघाली.

“म्हणजे माझ्या नाकासमोर तुम्ही तेच भांडण भांडत होतात?”

“हो.”

“कुणाच्या डोक्यातून निघालं हे?”

काका छताकडे बघायला लागले.

“माझ्या,” टकर पुटपुटला.

“आणि टर्की? माझा टर्की कसा झालाय?”

टकरने टेबलाकडे वळून बघितलं. तीन ताटं, तिन्ही जशीच्या तशी! रस्शावर साय धरली होती. एकानेही घास घेतला नव्हता! जमीन दुभंगली असती तर टकरने खुशाल आत उडी मारली असती.

आत्याने भला मोठा तुकडा काट्याला टोचला.

“खा. त्या माणसाबद्दल बोलायला आवाज केवढा चढला होता! आता माझ्या तोंडावर बोल. खरं बोललास तर खोली तुझी.”

टकरने तुकडा तोंडात घातला. चावला. पुन्हा चावला. उजव्या गालातून डाव्या गालात नेला. काका श्वास रोखून बघत होते. आत्या डोळे पुसायचं विसरून बघत होती. तुकडा घशापर्यंत गेला, आणि विचार बदलून परत आला.

“कसा आहे?”

“आत्या,” टकर खुंटीवरचं जाकीट ओढत म्हणाला, “मला आता बॅग भरायला हवी.”