पंडितच्या बांधावरची गोगलगाय

नेकनूरच्या विठ्ठलरावांना विहिरीला पाणी लागल्याचं कौतुक थोडं, आणि विहीर खोदताना निघालेल्या दगडी गोगलगायीचं जास्त. रुमालात बांधलेला तो पांढरट दगड त्यांनी चहाच्या हॉटेलापासून सलूनपर्यंत सगळ्यांना दाखवला होता. "कॉलेजातल्या मॅडम येतेत बघाया. पुस्तकात नाव लागतंय आता माझ्या हिरीचं," असं ते शेजारच्या रानातल्या पंडितला मुद्दाम ऐकवत.

भूगर्भशास्त्राच्या कावेरी मॅडम आल्या. मागं सगळं गाव आलं. दगड निरखत मॅडम म्हणाल्या, "लाव्हा थंड झाल्यावर इथं तळं साचलं होतं. त्यातल्या गोगलगायी गाळात रुतल्या, गाळाचा दगड झाला, आणि वरून पुन्हा लाव्हा आला. तो गाळाचा थर दाखवा."

विठ्ठलरावांनी ऐटीत विहीर दाखवली. ती वरपासून खालपर्यंत सिमेंटनं बांधलेली! थर बिचारा त्यामागं गुडूप झालेला.

"मग खोदताना निघालेले दगड कुठं आहेत?"

विठ्ठलराव आभाळाकडं बघू लागले. ते दगड त्यांनी अंधारात पंडितच्या रानात लोटले होते. पंडितनं बोंब मारली तेव्हा महादेवाच्या देवळात, पंचांसमोर बेलभंडार उचलून शपथही घेतली होती, की माझ्या हिरीतला एक खडाबी पंडितच्या रानात न्हाई. पंडितनं मग त्याच दगडांचा बांध घातला.

मॅडम नेमक्या त्याच पांढरट बांधाकडं वळल्या आणि खालीच बसल्या. "अहो, दगडागणिक गोगलगाय आहे! कुणाचे हे?"

"माझ्या बांधावर हाईत म्हंजे माझेच की," पंडित म्हणाला. "विठ्ठलरावाचे कसे असतील? त्यांनी बेलभंडार उचललाय."

मॅडमनी वहीत 'पंडितचा बांध' असं लिहिलं. विठ्ठलरावांनी आपला दगड पुन्हा रुमालात बांधला.

"पण तुमचा दगडही याच थरातला दिसतो," मॅडम विठ्ठलरावांना म्हणाल्या. "हा नक्की कुठं सापडला?"

सगळं गाव विठ्ठलरावांकडं बघायला लागलं. हिरीत म्हणावं तर शपथ खोटी पडते, आणि महादेव तर समोरच्या टेकडीवरच बसलेला! घसा खाकरून ते म्हणाले, "हितंच उचलला व्हता. बांधावर."

"न इचारता?" पंडितनं मायेनं विचारलं. "बरं, ऱ्हाऊ द्या. ठिवा जागच्या जागी."

विठ्ठलरावांनी रुमाल सोडला आणि विहिरीतला शेवटचा दगडही पंडितच्या रानात टाकला. या खेपेला दिवसाढवळ्या, सगळ्या गावासमोर.