भूक, नग दोन

बेटावर सगळंच महाग असतं असं ऐकून श्रीपादराव घळसासींनी निघायच्या सकाळी स्वतःची आणि बायकोची भूक डब्यांत भरली आणि डबे शेजारच्या नानांकडे ठेवायला दिले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कऱ्हाडात जेवढ्यात दोन माणसं पोटभर जेवतात, तेवढ्यात बेटावर नुसतं शहाळं हातात मिळतं. मग भुकेला तिकडे नेऊन तिचे लाड कोण पुरवणार? तहानही ठेवायचा त्यांचा विचार होता, पण तहान डब्यात टिकत नाही, उडून जाते. म्हणून ती बरोबर घेतली आणि हॉटेलच्या किटलीत पाणी उकळून प्यायचं ठरलं.

डबे कुमुदताईंनी काढून दिले. नवऱ्याच्या भुकेला पुरणपोळ्यांचा मोठा डबा, स्वतःच्या भुकेला लग्नातली छोटी डबी, वर नाव घातलेली. माझी काय, चिमणीएवढी, असं त्या म्हणाल्या. तीस वर्षं त्या हेच म्हणत आल्या होत्या आणि घरात सगळ्यांना ते पाठ झालं होतं.

नाना वझरकर एसटीच्या पार्सल खिडकीवरून निवृत्त झालेले. बायको जाऊन चार वर्षं झाली, घरात एकटेच, पण खिडकीची शिस्त काही सुटली नव्हती. त्यांनी दोन्ही डबे हलवून पाहिले, झाकणं तपासली आणि पावती फाडली : भूक, नग दोन, सुस्थितीत. कुमुदताईंनी कणीक, तांदूळ आणि लोणच्याची बरणी त्यांच्या हवाली केली. यांच्या भुकेला चारला चहा लागतो, वांगं चालत नाही, पोळी गरम हवी, असं सगळं सांगितलं. नाना लिहून घेत होते.

"आणि तुमच्या भुकेला काय लागतं?" त्यांनी विचारलं.

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे कुमुदताई गडबडल्या. उरेल ते घाला, म्हणाल्या.

बेट मात्र झकास होतं. दिवस केवढा लांब असतो हे कुमुदताईंना तिथे कळलं. सकाळी काय करू, रात्री काय करू हा घोर नाही. वाळूत पाय पसरून बसायचं आणि खेकड्यांची पळापळ बघायची. साबण न् खोबरेल त्यांनी कोळणींच्या दुकानातून हॉटेलपेक्षा निम्म्या किमतीत आणलं, श्रीपादराव खूश. एकाच ठिकाणी त्यांचा अंदाज चुकला. खोलीच्या भाड्यात सकाळचा नाश्ता धरलेला होता, हे त्यांनी नीट वाचलंच नव्हतं. समोर इडल्या, अननस, केळ्याची भजी, आणि खावंसं म्हणून वाटेना. वाढप्याला त्यात काही नवल वाटलं नाही. तुमच्याकडची बरीच माणसं भूक घरीच ठेवून येतात, असं सांगून त्याने वहीत 'भूक आणलेली नाही' या रकान्यात खूण केली. श्रीपादराव त्या फुकटच्या इडल्यांकडे बघून रोज हळहळत.

संध्याकाळी सातला नानांचा फोन यायचा. पहिल्या दिवशी साहेबांची भूक तीन पोळ्या खाऊन झोपली. वहिनींची मात्र साहेबांच्या भुकेचं आटपेपर्यंत डबीबाहेर आलीच नाही, आणि आली तीही कुणाचं राहिलं नाही ना, हे बघत. नानांना ते बरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिचं ताट आधी मांडलं. ती बराच वेळ ताटासमोर नुसती बसून राहिली आणि मग जेवायला लागली.

तिसऱ्या दिवशी नाना म्हणाले, "वहिनी, तुमची भूक मोठी आहे. साहेबांच्या दुप्पट."

डबे बदलले असतील, असं त्या म्हणाल्या. डबीवर नाव आहे, नाना म्हणाले. पाच पोळ्या झाल्या आणि वर दहीभात. मग ते म्हणाले,

"आमच्या हिचीही अशीच असणार. मी कधी विचारलंच नाही."

कुमुदताईंना आधी लाज वाटली. परक्याच्या घरी पाच पोळ्या! मग राग आला, तो कुणाचा ते ठरेना. आणि मग, खरं सांगायचं तर, त्यांना आपल्या भुकेची फार आठवण आली.

श्रीपादराव माणूस वाईट नव्हते, काटकसरी होते. त्यांनी रात्रभर विचार करून तोडगा काढला. एवढी मोठी भूक आपल्याला परवडायची नाही. जुनी होती तेवढी डबीभर घरी आणू, उरलेली नानांकडेच राहू दे, त्यांनाही सोबत होईल. उरलेले दोन दिवस कुमुदताई समुद्राकडे बघत बसल्या.

परत आल्यावर दोघं पावती घेऊन नानांकडे गेले. साहेबांचा डबा तयार होता. वहिनींची भूक डबीत मावेना म्हणून नानांनी ती घागरीत ठेवली होती आणि पावतीवर तसा शेराही मारला होता : एक नग वाढलेला. त्यांनी चष्मा वर केला.

"सगळी नेणार की थोडी? दोन्हीची सोय आहे."

श्रीपादराव खाकरले.

"सगळी," कुमुदताई म्हणाल्या आणि घागर कमरेवर घेतली.

नानांनी पोळ्या आणि पिठलं करून ठेवलंच होतं, तेही त्यांनी बरोबर दिलं. घरी येऊन दोघांनी पाण्याबरोबर आपापली भूक गिळली. श्रीपादरावांची एका घोटात गेली, कुमुदताईंना चार लागले. सवयीप्रमाणे श्रीपादराव पाटावर बसले. कुमुदताईंनी ताट वाढलं, ते स्वतःपुढे ओढलं आणि पहिला घास घेतला.

श्रीपादरावांना आधी काही समजेना. मग ते उठले, त्यांनी पोळ्यांचा डबा शोधला आणि बायकोच्या ताटात एक वाढली, मग अजून एक. तिसरीनंतर त्यांनी विचारलं, "अजून?"

"हो," कुमुदताई म्हणाल्या.

पाचव्या पोळीनंतर त्यांनी ताट निपटून घेतलं, वर पिठल्याचा चमचा चाटला आणि हात धुतले. मग श्रीपादराव जेवायला बसले. दोन पोळ्या उरल्या होत्या.